घरघर आणि वीजबिल

‘ॲपल थ्री’ हा संगणक १९८० साली बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत बिघडलेल्या यंत्रांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यावर कंपनीच्या तंत्रज्ञांकडून गिऱ्हाइकांना मिळालेला सल्ला अजब होता: यंत्र टेबलावरून चार बोटे वर उचला आणि सोडून द्या. गंमत म्हणजे कित्येकदा ते चालूही होई.

आतल्या चिपा तापल्या की प्रसरण पावत, थंड झाल्या की आकसत आणि या रोजच्या कसरतीत सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. आपटले की परत जागेवर बसत. एवढे तापण्याचे कारण म्हणजे यंत्राला पंखाच नव्हता. संगणकाने गोंगाट करता कामा नये, हा स्टीव्ह जॉब्स यांचा हट्ट. अल्युमिनियमच्या जड ओतीव सांगाड्यातून उष्णता आपसूक बाहेर जाईल अशी अटकळ बांधली होती, ती फसली.

मजेची गोष्ट अशी की हाच हट्ट तीन वर्षांपूर्वी फळाला आला होता. १९७७ च्या ‘ॲपल टू’साठी रॉड होल्ट या अभियंत्याने स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय तयार केला. तेव्हाच्या नेहमीच्या लिनियर पॉवर सप्लायपेक्षा तो हलका होता आणि कितीतरी कमी तापत असे. ‘ॲपल टू’ वर्षानुवर्षे पंख्यावाचून चालला. एका यंत्रात उष्णताच कमी निर्माण केली होती. दुसऱ्यात नुसता पंखा काढून टाकला होता. घरच्या घरी शांत आणि कमी विजेचा संगणक बांधू पाहणारा प्रत्येक हौशी माणूस आजही याच दोन वाटांच्या फाट्यावर उभा असतो.

वॅट कुठे जातात

पंप वीज खातो आणि पाणी माळ्यावरच्या टाकीत चढवतो. संगणकाच्या हिशेबात असे काही शिल्लक राहत नाही. त्याने बेरीज केली, सिनेमा दाखवला, फोटो साठवले. पण भिंतीतून घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. शंभर वॅट घेणारे यंत्र खोलीत शंभर वॅट उष्णता सोडते. ती चिपेवरून उचलून पेटीबाहेर नेण्यासाठी पंखा लागतो आणि पंखा फिरला की आवाज होतो. कानावर पडणारी घरघर आणि मीटरवर पडणारी युनिटे ही अशी एकाच मुळाशी जोडलेली आहेत.

पंख्याचे गणित मात्र सरळ रेषेत जात नाही, आणि हौशी मंडळींची सगळी करामत तिथेच दडलेली आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे ही घट चांगलीच मोठी. उलट बाजूने, एकासारखे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आता दोन्ही आकडे एकत्र मांडावेत: एका वेगवान पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे लावले तर हवा साधारण तेवढीच, वीज पाव आणि आवाज १२ डेसिबलने कमी.

मोठ्या पात्यांचा फायदा याच जातीचा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ४० मिलिमीटरच्या पंख्याच्या नऊपट असते. तेवढी हवा ढकलायला त्याला जिवाच्या आकांताने फिरावे लागत नाही. डेटा सेंटरमधल्या चपट्या सर्व्हरची उंची असते जेमतेम पावणेदोन इंच, त्यामुळे आत ४० मिलिमीटरचेच पंखे बसतात आणि ते मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेतात. कंपन्यांनी मोडीत काढलेले असे सर्व्हर स्वस्तात मिळतात. हौसेने घरी आणलेले यंत्र पहिल्यांदा चालू केले की घरातली माणसे दार लावून घेतात, ती याच पंख्यांमुळे.

आवाजाची पातळी कमी असली तरी त्याचा सूर त्रास देऊ शकतो. हवेचा सपाट सळसळाट मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो, पण एकाच पट्टीतली भुणभुण सोडत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. तिची १२० हर्ट्‌झची गुणगुण स्क्रूमधून पत्र्यात उतरते आणि पेटीच आवाज करू लागते. यावर उपाय म्हणून लोकांनी डिस्क इलास्टिकच्या पट्ट्यांवर टांगल्या, स्पंजावर ठेवल्या, रबरी चकत्यांवर बसवल्या. पुढे तेलाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग डिस्कमध्ये आले आणि तिची कर्कश शीळ गेली. त्यानंतर एसएसडी स्वस्त झाल्या आणि फिरणारी तबकडी रोजच्या संगणकातून हद्दपार झाली. ती आता उरली आहे मोठ्या साठवणुकीच्या कामात, म्हणजे नेमकी घरगुती सर्व्हरमध्ये.

पंख्यांच्या कारागिरीत ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २००५ पासून नाव कमावले. तिचे तपकिरी आणि बिस्किटी रंगाचे पंखे दिसायला कुणालाच फारसे आवडत नाहीत, तरी विकले जातात. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या १२० मिलिमीटरच्या पंख्यात पात्याचे टोक आणि चौकट यांच्यातली फट अवघी अर्धा मिलिमीटर आहे. साध्या प्लास्टिकची पाती वर्षानुवर्षे फिरून किंचित ताणली जातात आणि एवढ्या बारीक फटीत चौकटीला घासू शकतात. म्हणून त्यासाठी ‘लिक्विड क्रिस्टल पॉलिमर’ जातीचे न ताणणारे प्लास्टिक वापरले. फट जितकी कमी तितकी हवा मागे कमी फिरते, आणि तेवढ्याच कामाला पंखा आणखी सावकाश फिरवता येतो.

हैफाहून आलेली सुटका

पंख्यावर एवढी मेहनत घ्यावी लागली, कारण मधल्या काळात प्रोसेसर भलतेच तापू लागले होते.

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत नेला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवले, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. जवळपास तीस वर्षे संगणक उद्योग या हिशेबावर चालला. दर पिढीत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग आणि उष्णता मात्र आटोक्यात. ९० नॅनोमीटरच्या आसपास गणित बिनसले. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने ‘प्रेस्कॉट’ हा पेंटियम फोर आणला. त्याच्या वरच्या आवृत्त्यांची उष्णता ११५ वॅटपर्यंत गेली. मे महिन्यात इंटेलने त्याचा पुढचा वारस ‘तेहास’ रद्द केला आणि ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम फोरची घोषणाही मागे घेतली. उष्णतेला वाट करून देण्यासाठी इंटेलने ‘बीटीएक्स’ नावाची पेटीची नवी रचना पुढे केली होती. प्रोसेसर पेटीच्या तोंडाशी आणायचा आणि समोरून येणारा वारा सरळ त्याच्यावरून न्यायचा, अशी ती कल्पना. २००६ मध्ये कंपनीने तिच्यावरचे काम थांबवले, कारण तोवर तिची गरजच उरली नव्हती.

ही सुटका आली इस्राएलमधल्या हैफाहून. तिथल्या इंटेलच्या चमूने लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ बनवला होता. तो मार्च २००३ मध्ये बाजारात आला. त्याची उष्णता होती २४.५ वॅट. घड्याळाचा वेग कमी, पण घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त काम, आणि जो भाग वापरात नाही तो बंद. शांत संगणकाच्या शौकिनांना या चिपेचे महत्त्व लगेच कळले. लॅपटॉपची चिप डेस्कटॉपमध्ये बसवायची कशी, हा प्रश्न होता. २००५ मध्ये असूसने एक छोटा अडॅप्टर काढला आणि पेंटियम फोरच्या काही मदरबोर्डांवर पेंटियम एम चालू लागला. २००६ च्या उन्हाळ्यात इंटेलने स्वतःच या घराण्यातला ‘कोअर टू डुओ’ डेस्कटॉपवर आणला. उष्णता ६५ वॅट, काम प्रेस्कॉटपेक्षा जास्त.

या प्रकरणातून हौशी बांधणाऱ्यांच्या हाती एक हत्यार लागले ते व्होल्टेजचे. चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारखान्यातून येणाऱ्या चिपेला थोडे जास्तच व्होल्टेज ठरवून दिलेले असते, म्हणजे त्या खेपेतली सर्वांत कमअस्सल चिपही नीट चालावी. आपल्या हातातली चिप बहुधा त्याहून बरी असते. १.३० व्होल्टची चिप १.१० व्होल्टवर स्थिर चालली, तर वेग तोच राहून त्या भागाची वीज २८ टक्क्यांनी उतरते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत आता ‘इको मोड’ नावाची सोय आहे: १०५ वॅटच्या चिपेला ६५ वॅटच्या चौकटीत बसवायचे. वेगात पडणारा फरक रोजच्या कामात जाणवतही नाही, पंख्याला मात्र जाणवतो.

पॉवर सप्लायची चौदा वर्षे

सप्टेंबर २००६ मध्ये गूगलच्या ऊर्स होल्झल आणि बिल वाइल यांनी घरगुती संगणक आणि सर्व्हर यांच्या पॉवर सप्लायवर एक छोटे टिपण लिहिले. विषय रुक्ष, पण मुद्दा थक्क करणारा होता. घराघरांतल्या संगणकांचे पॉवर सप्लाय तेव्हा साधारण ६०-७० टक्केच कार्यक्षम होते. ६५ टक्के धरले, तर आतल्या भागांना शंभर वॅट पोचवायला भिंतीतून १५४ वॅट घ्यावे लागतात आणि ५४ वॅट पॉवर सप्लायच्या डब्यातच उष्णता होऊन बसतात. त्यांना हाकलायला डब्याला वेगळा पंखा. कार्यक्षमता ९० टक्के केली तर हा तोटा ११ वॅटवर येतो.

दोघांनी बोट ठेवले ते जुन्या वारशावर. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीपासून पॉवर सप्लाय वेगवेगळी व्होल्टेजे पुरवत आला होता, कारण त्या वेळच्या चिपांना ती थेट लागत. पुढे प्रोसेसर आणि मेमरी यांना लागणारे बारीक व्होल्टेज मदरबोर्डवरच तयार होऊ लागले, तरी पॉवर सप्लाय आपला जुना फेरीवाल्यासारखा सगळा माल पाठीवर घेऊन हिंडतच राहिला. टिपणात सुचवले होते की पॉवर सप्लायने फक्त १२ व्होल्ट द्यावेत, बाकीचे मदरबोर्डने पाहावे. दिवसाला आठ तास चालणाऱ्या दहा कोटी संगणकांत हे केले तर तीन वर्षांत ४,००० कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा अंदाज होता.

उद्योगाने यातले अर्धे उचलले. अमेरिकेत २००४ पासून ‘एटी प्लस’ ही प्रमाणपत्राची योजना चालू होती: २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता. जुलै २००७ पासून ‘एनर्जी स्टार’ या ऊर्जाबचतीच्या योजनेने ती अट आपल्या नियमांत घेतली. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या. फक्त १२ व्होल्टची सूचना मात्र पडून राहिली. ती ‘एटीएक्स १२ व्हीओ’ या नावाने इंटेलने २०२० च्या सुमारास पुढे आणली, आणि त्यामागे कॅलिफोर्नियाचे नियम होते. तिथल्या ऊर्जा आयोगाने रिकाम्या बसलेल्या संगणकाने वर्षाला किती वीज खावी यावर मर्यादा घातली. तिचा कडक टप्पा जुलै २०२१ मध्ये लागू झाला तेव्हा डेलने आपले काही एलियनवेअर गेमिंग संगणक कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत पाठवणे थांबवले. ‘१२ व्हीओ’च्या मदरबोर्डला चोवीस पिनांच्या जाडजूड केबलऐवजी दहा पिनांची केबल पुरते. तरीही सुट्या भागांच्या दुकानात आजही जुनाच प्रकार जास्त विकला जातो.

या पायऱ्यांच्या जाहिरातीत एक मेख आहे, आणि घरगुती सर्व्हर बांधणारे तिथेच फसतात. टायटॅनियम सोडून इतर पायऱ्यांत सर्वांत कमी मोजणी होते ती २० टक्के भारावर. ७५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय घेतला आणि सर्व्हर रिकामा असताना २५ वॅटच खात असेल, तर भार झाला साडेतीन टक्क्यांहून कमी. तिथे गोल्डची हमी लागूच होत नाही. म्हणून जाणकार माणूस वॅटचा मोठा आकडा पाहून हुरळत नाही. लहान यंत्राला तो लहानच पॉवर सप्लाय घेतो, किंवा लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर वापरून पेटीच्या आत काडेपेटीएवढी डीसी पट्टी बसवतो. या पट्टीला पंखा नसतो आणि पॉवर सप्लायचा सगळा आवाज पहिल्याच फटक्यात जातो.

सतरा सेंटिमीटरचा चौक

लहान यंत्रांना वाट करून दिली ती तैवानच्या व्हीआयए कंपनीने. २००१ मध्ये तिने १७० बाय १७० मिलिमीटरचा ‘मिनी-आयटीएक्स’ हा मदरबोर्डचा आकार जाहीर केला आणि पुढच्या वर्षी ‘इपिया’ मालिका विकायला आणली. तिच्यातला ५३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर नुसत्या धातूच्या पंखांवर थंड राही. वेग यथातथाच, तरी गाड्यांत, जुन्या रेडिओंच्या खोक्यांत, पुस्तकांच्या कपाटांत लोकांनी हे बोर्ड बसवले. व्हीआयए स्पर्धेत मागे पडली, पण तिचा चौकोन आजही प्रत्येक मोठ्या कंपनीच्या यादीत आहे.

२००८ मध्ये इंटेलने ‘ॲटम’ आणला तेव्हा एक विनोदी प्रसंग घडला. ॲटम बसवलेल्या इंटेलच्या पहिल्या स्वस्त डेस्कटॉप बोर्डवर प्रोसेसर होता ४ वॅटचा आणि त्याच्या सोबतीला जुना ९४५ चिपसेट होता २२ वॅटचा. प्रोसेसरवर बिनपंख्याचा छोटा धातूचा ठोकळा होता आणि पंखा घरघरत होता तो चिपसेटवर! एका भागाची कार्यक्षमता वाढवून बाकीचे यंत्र जसेच्या तसे ठेवले की काय होते, याचा इतका ढळढळीत नमुना शोधून सापडणार नाही. २०२३ मधल्या इंटेलच्या ‘एन १००’ पर्यंत ही तक्रार संपली: चार कोअर, ६ वॅट, व्हिडिओचे काम करणारा भाग आतच, आणि वेगळा चिपसेट नाही.

ॲपलच्या स्वतःच्या आकड्यांत हा प्रवास नीट दिसतो. २०१८ चा इंटेल प्रोसेसरचा मॅक मिनी रिकामा असताना सुमारे २० वॅट आणि पूर्ण भारावर १२२ वॅट घेई. २०२० मधल्या एम-वन चिपेच्या मॅक मिनीला रिकामे असताना सुमारे ७ आणि भारावर ३९ वॅट लागतात. तीच चिप मॅकबुक एअरमध्ये पंख्याशिवाय बसली.

पंखा अजिबातच नको असणाऱ्यांसाठी पेटी हीच उष्णता सोडणारी वस्तू होते. प्रोसेसरवरून तांब्याच्या हीट पाइप पेटीच्या जाड, खाचा पाडलेल्या अल्युमिनियमच्या भिंतीपर्यंत जातात. हीट पाइप म्हणजे हवा काढून घेतलेली नळी. आत थोडे पाणी आणि भिंतीला सच्छिद्र तांब्याचे अस्तर. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि ते पाणी अस्तरातून परत येते. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी अंतराळयानांचा विचार करून घडवली. आता ती हजारभर रुपयांच्या कूलरमध्येही असते. अशा पेटीत पंखा गेला की कधी कधी दुसराच आवाज उघडा पडतो. मदरबोर्डवरच्या किंवा ग्राफिक्स कार्डवरच्या कॉइल भाराप्रमाणे थरथरतात आणि बारीक किणकिण करतात. पंख्याच्या आवाजाखाली ती आजवर झाकली गेलेली असते.

चोवीस तास जागे यंत्र

घरगुती सर्व्हर हा स्वभावाने वेगळा प्राणी. घरातल्यांचे फोटो, बॅकअप, सिनेमे, जाहिराती अडवणारी सेवा, दिवे-कॅमेऱ्यांचे नियंत्रण, असली कामे तो करतो. ती कामे फुटकळ असतात, पण यंत्र मात्र चोवीस तास चालू असते. त्यामुळे ते जास्तीत जास्त किती वॅट खाते याला फारसे महत्त्व नसते. काहीच करत नसताना किती खाते, ते महत्त्वाचे.

एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिटे होतात. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून लावला आणि तो रिकामा असताना १०० वॅट घेत असेल, तर वर्षाला ८७६ आणि महिन्याला ७३ युनिटे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पे पडतात. महिन्याला ८० युनिटे वापरणारे घर अशा एका यंत्राने १५३ वर जाते, २५० वापरणारे ३२३ वर. म्हणजे सर्व्हरची निम्मीअधिक किंवा थोडी युनिटे वरच्या दराची. युनिटला सरासरी दहा रुपये धरले तरी वर्षाचे ८,७६० रुपये. हेच काम १० वॅटमध्ये झाले तर ८७६.

दहा वॅटपर्यंत पोचण्याच्या वाटा काळाबरोबर बदलत आल्या. २००४ मध्ये लिंक्सिसने पेन ड्राइव्ह आणि डिस्क नेटवर्कवर आणणारी एक छोटी डबी काढली. तिच्यात लिनक्स होते, म्हणून लोकांनी ती उघडून तिचा सर्व्हर केला. तिचा २६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर कारखान्यातूनच निम्म्या वेगाला बांधलेला होता. एक बारीक रेझिस्टर काढला की तो मोकळा होई. २०१० मध्ये एचपीने चार डिस्कांचा ‘मायक्रोसर्व्हर’ आणला, तो १२ वॅटच्या एएमडी प्रोसेसरवर आणि पाठीमागच्या एका मोठ्या, सावकाश पंख्यावर चाले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आलेला रास्पबेरी पाय पस्तीस डॉलरचा होता. त्याची चौथी आवृत्ती रिकामी असताना तीनएक वॅट घेते.

सध्या चांगला सौदा मिळतो तो कचेऱ्यांतून बाद झालेल्या एक लिटर आकाराच्या डेस्कटॉपांत. लेनोव्होचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’, एचपीचे ‘मिनी’ हे संगणक मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी घाऊक मोडीत काढतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन नूतनीकरण करून विकणाऱ्यांकडे ते येतात. आत ३५ वॅटचा प्रोसेसर, बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर. नीट मांडणी केली तर रिकामे असताना १० वॅटच्या आसपास राहतात.

नीट मांडणी म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर. पूर्वी लिनक्स काही काम नसतानाही प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उठवून वेळ विचारत असे. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत ही टिकटिक थांबली. त्याच वर्षी इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन दिले. कोणता प्रोग्राम प्रोसेसरची झोप मोडतो याची यादीच ते समोर ठेवते. संपूर्ण चिप गाढ झोपेत जाते ती तिला जोडलेल्या प्रत्येक कार्डाने परवानगी दिली तरच. जुने डिस्क कंट्रोलर कार्ड किंवा नेटवर्क कार्ड आडमुठेपणा करत असेल तर भारीतला कार्यक्षम प्रोसेसरही जागाच राहतो आणि मीटर काही वॅट वर अडकून बसते.

बचतीचा अतिरेकही झाला आहे. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतल्या डिस्क आठ सेकंद काम नसले की आपला वाचक हात बाजूला उभा करत. विंडोजच्या घरगुती वापरात हे ठीक होते. लिनक्स सर्व्हर मात्र दर काही सेकंदांनी नोंदवहीत एखादी ओळ लिहितो. दर अर्ध्या मिनिटाला हात एकदा आत-बाहेर झाला, तर दिवसाला २,८८० वेळा. डिस्कला नेमून दिलेली तीन लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत संपते. म्हणून सर्व्हर बांधणारे ही डिस्क घेतली की आधी ती आठ सेकंदांची वेळ वाढवून घेत.

मे महिन्यातले अकोला

शांत संगणकावरचा बहुतेक विचार थंड देशांत झाला आहे, आणि त्याचे आकडे इथे उतरवताना हवामान मध्ये घ्यावे लागते. समजा, एखादा बिनपंख्याचा कूलर दर वॅटमागे अर्धा अंश तापतो. ६५ वॅटचा प्रोसेसर खोलीपेक्षा साडेबत्तीस अंश वर जाणार. व्हिएन्नातल्या २२ अंशांच्या खोलीत तो ५४.५ वर थांबेल. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत ७२.५ वर. बंद पेटीतली हवा आणखी दहा अंशांनी गरम असली तर ८२.५. प्रोसेसर हे सोसतो, साधारण शंभर अंशांपर्यंत तो स्वतःला सांभाळून घेतो. पण त्याच पेटीतल्या हार्ड डिस्कला साधारण ६० अंशांची मर्यादा असते आणि चाळीस अंशांच्या खोलीत तिला पोचायला फार अंतर उरत नाही. विदर्भात डिस्क असलेल्या सर्व्हरला मिनिटाला सहा-सातशे फेरे घेणारा एक मोठा पंखा हवाच. एवढ्या वेगाला तो मीटरभरावरून ऐकू येत नाही, आणि छताचा पंखा चालू असताना तर प्रश्नच नाही.

छताच्या पंख्याची गोष्टही इथे लागू पडते. संगणकातले पंखे पूर्वीपासून ब्रशविरहित डीसी मोटरीचे, म्हणजे बीएलडीसी. आपल्या डोक्यावरचे मात्र कालपरवापर्यंत ७० ते ८० वॅटच्या इंडक्शन मोटरीचे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या ॲटमबर्ग कंपनीने २८ वॅटचा बीएलडीसी पंखा घराघरांत नेला. एका छताच्या पंख्याची ही बचत, तो चालू असताना, चार-पाच छोट्या सर्व्हरांच्या विजेएवढी भरते. घराचा हिशेब मांडणाऱ्याने सर्व्हरच्या आधी तिकडे पाहिले तरी चालेल.

धूळ आणि दमट हवा यांचा निकाल वेगवेगळा लागतो. बांधकामांनी वेढलेल्या पुण्याच्या उपनगरात पंखा कमी फिरला की धूळ कमी ओढली जाते, आणि बिनपंख्याची पेटी वर्षांनंतरही आतून स्वच्छ निघते. कोकणात आणि गोव्यात खारट ओलावा धातूला खातो. तिथे सतत कोमट राहणारे यंत्र पावसाळ्यात बंद करून ठेवलेल्या यंत्रापेक्षा कोरडे राहते. वीज जाणाऱ्या गावांत १२ व्होल्टवर चालणारे छोटे यंत्र सोयीचे पडते, कारण राउटरसाठी मिळणाऱ्या डीसी बॅकअपवर तेही चालू शकते. बॅटरीतून २३० व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे, हा दुहेरी तोटा वाचतो. गूगलने २००९ मध्ये आपला सर्व्हर जगाला दाखवला तेव्हा त्यातही प्रत्येक यंत्राला स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी होती.

नवा पाहुणा

दोन दशकांच्या या काटकसरीत आता नवी मागणी येऊन ठेपली आहे: भाषा-प्रारूपे घरच्या यंत्रावर चालवण्याची. त्यांना ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागते, आणि जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ कार्डाची मर्यादा ५७५ वॅट आहे. म्हणजे एकटे कार्ड पाच प्रेस्कॉटांइतके तापते. जुनी हत्यारे इथेही चालतात. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली ओढली तर वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच व्होल्टेज सर्वांत जास्त चढवलेले असते.

जाणते बांधणारे अशा वेळी दोन यंत्रे ठेवतात. आठ-दहा वॅटचे छोटे यंत्र कायम जागे. मोठे कार्ड बसवलेले यंत्र झोपलेले, आणि काम आले की छोटे यंत्र नेटवर्कवरून संदेश पाठवून त्याला उठवते. ही ‘वेक-ऑन-लॅन’ सोय नव्वदच्या दशकापासून जवळपास प्रत्येक मदरबोर्डवर आहे, बहुतेक घरांत ती कधी चालूही केलेली नसते. मोठे यंत्र दिवसाला तासभर ५०० वॅटने राबले तर वर्षाला १८२ युनिटे होतात. तेच न झोपवता ७० वॅटवर नुसते ताटकळत ठेवले, तर एकही काम न करता ६१३.